मुंबईत ऑक्युपेशनल थेरपिस्ट शोधताना: आधी काय करायचं, काय तपासायचं, कुठे फसायला होतं

बहुतेक घरांत हा शोध उलट्या टोकाने सुरू होतो. शाळेतल्या बाईंनी सुचवलं किंवा डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘ओटी’ (ऑक्युपेशनल थेरपी) लिहून दिलं की रात्री घरातलं कुणीतरी मोबाइलवर जवळचं थेरपी सेंटर शोधतं. सगळ्यात जास्त तारे दिसतील तिथे फोन लावतं आणि पुढच्या सोमवारी तीन महिन्यांचं पॅकेज भरून मोकळं होतं. नेमकं काय अडलंय, ते कुणाच्या हातचं आहे, समोरची व्यक्ती पात्र आहे का, हे प्रश्न पैसे भरल्यानंतर पडायला लागतात.

खालचा क्रम मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई डोळ्यांपुढे ठेवून लिहिला आहे. पुण्या-नागपुरात रुग्णालयांची नावं बदलतील, क्रम तोच राहील. पहिले दोन टप्पे घरबसल्या होतात आणि त्यांना खर्च येत नाही. गाळले जातात तेही हेच दोन.

## टप्पा १: अडलेली कामं लिहून काढा

ऑक्युपेशनल थेरपिस्ट माणसाच्या रोजच्या कामांवर काम करतात: अंघोळ, कपडे, जेवण, लिहिणं, खेळणं, स्वयंपाक, नोकरी, प्रवास. त्यामुळे ‘मुलाला ऑटिझम आहे’ किंवा ‘बाबांना पॅरालिसिस झालाय’ एवढ्यावरून त्यांना फारसं काही कळत नाही. एकच निदान असलेली दोन मुलं अगदी वेगळ्या जागी अडलेली असू शकतात.

एक वही घ्या आणि आठवडाभर रोज दोन-तीन ओळी लिहा. मतं लिहू नका, जे घडलं ते लिहा. ‘खूप हट्टी आहे’, ‘हात कमजोर आहे’ अशा ओळींचा उपयोग नाही. उपयोग होतो तो अशांचा:

‘टी-शर्ट स्वतः घालतो. शाळेच्या शर्टाची बटणं आई लावते.’

‘पाच ओळी लिहिल्या की हात दुखतो म्हणतो. पेन्सिल इतकी दाबतो की मागच्या पानावर उमटते.’

‘केस कापायला नेलं की मशीनचा आवाज सुरू होताच खुर्चीतून उतरतो. कात्रीने कापले तर बसतो.’

‘बाबांचा उजवा हात तोंडापर्यंत जातो, पण भाकरी मोडता येत नाही. कुणी मोडून दिली तर जेवतात.’

‘कमोडवरून उठताना दोघं लागतात. खुर्चीवरून एकटे उठतात.’

शेवटच्या तीन नोंदी पाहा. काय जमत नाही त्यासोबत काय जमतं, हेही त्यांत आलंय. थेरपिस्टला दुवा तिथे सापडतो. खुर्चीवरून उठता येतं आणि कमोडवरून येत नाही, म्हणजे पायांच्या ताकदीइतकाच कमोडच्या उंचीचा आणि धरायला काही नसण्याचाही विचार करावा लागेल.

शक्य असेल तिथे मिनिटभराचा व्हिडिओ घ्या: जेवताना, लिहिताना, जिना चढताना. मूल नव्या खोलीत, नव्या माणसासमोर घरच्यासारखं वागत नाही आणि मोठी माणसं अनोळखी व्यक्तीसमोर जरा जास्तच ताठ बसतात. अंघोळीचे किंवा संडासातले व्हिडिओ मात्र घेऊ नका. ते शब्दांत सांगितलं तरी पुरतं.

आठवडा संपला की यादीतून तीन कामं निवडा. इथे घरात वाद होतात आणि ते झालेलेही बरे. मुलाला वाटतं वडिलांनी चालायला शिकावं, सुनेला वाटतं संडासाचं आधी सुटावं आणि वडिलांना स्वतःला दाढी करायची असते. ज्याची थेरपी आहे त्याला बोलता येत असेल तर पहिलं काम त्यालाच निवडू द्या. ज्याला त्यात रस नाही त्याच्याकडून घरी सराव करून घेणं फार अवघड जातं.

तपासा: तुमच्या यादीतलं प्रत्येक काम अनोळखी माणसाला वाचून डोळ्यांसमोर आणता येतं का? ‘एकाग्रता वाढवणे’ आणता येत नाही. ‘जेवताना ताटासमोर दहा मिनिटं बसणे’ आणता येतं.

## टप्पा २: हे काम ओटीचंच आहे का, आणि कुठल्या ओटीचं

आधी एक वैद्यकीय गोष्ट. मूल हाक मारल्यावर बघत नसेल किंवा उशिरा बोलत असेल, तर श्रवणचाचणी झाल्याशिवाय कुठल्याच थेरपीचं पॅकेज घेऊ नका. लहान मुलांसाठी बेरा चाचणी असते, त्यात मुलाने उत्तर द्यायची गरज नसते. लिहिण्या-वाचण्याची तक्रार असेल तर डोळे आधी तपासून घ्या. हात किंवा पाय अचानक लुळा पडला, तोंड वाकडं झालं, तर थेरपिस्ट शोधत बसायचं नाही. थेट इमर्जन्सी गाठायची.

फिजिओथेरपी आणि ओटी यांत लोकांचा हमखास गोंधळ होतो. ढोबळ वाटणी अशी: सांध्याची हालचाल, ताकद, चालणं यांसाठी फिजिओ आणि त्या हालचालीतून रोजचं काम पुन्हा जमवण्यासाठी ओटी. प्रत्यक्षात दोघांचं काम एकमेकांत शिरतं आणि लकव्यानंतर बहुतेकांना दोघंही लागतात. बोलणं, आणि गिळण्याचा त्रास, हे मुख्यतः स्पीच थेरपिस्टकडचं.

ओटीमध्येही शाखा आहेत. शोधाचा निकाल निम्मा इथेच लागतो, कारण बोर्डावर सगळ्यांच्या एकच शब्द असतो. मुलांवर काम करणारे वेगळे. हाताच्या दुखापती आणि शस्त्रक्रियांनंतर काम करणारे वेगळे. लकवा, पार्किन्सन, मणक्याची इजा यांचे वेगळे. मानसिक आजारातून सावरताना दिनक्रम आणि नोकरी पुन्हा बसवून देणारे वेगळे, त्यांच्याबद्दल तर लोकांना माहितीच नसते. आणि वृद्धांच्या घरी जाऊन घर सुरक्षित करून देणारे वेगळे. रोज मुलांसोबत झोपाळ्यावर काम करणाऱ्या उत्तम थेरपिस्टकडे कापलेल्या कंडऱ्यांचा (टेंडनचा) हात नेण्यात दोघांचाही वेळ जातो.

इशारा, हाताच्या शस्त्रक्रियेसाठी: बोटांच्या कंडरा जोडल्या असतील तर थेरपी कधी सुरू करायची हे सर्जनना डिस्चार्जच्या आधीच विचारा. अनेकदा पहिल्याच आठवड्यात स्प्लिंट (हात ठरावीक स्थितीत धरून ठेवणारा आधार) आणि ठरावीक हालचाल सुरू करायची असते. ‘टाके निघाल्यावर बघू’ म्हणून थांबलं तर कंडरा चिकटू शकते आणि मनाने जोर लावला तर तुटू शकते. सर्जनचा ऑपरेशन नोट थेरपिस्टच्या हाती पडायलाच हवा. भिवंडी, अंधेरी, नवी मुंबईच्या कारखान्यांत हात सापडलेल्या कामगारांनी ईएसआयसीचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड असेल तर तिथून मिळणाऱ्या सोयीही त्याच दिवशी विचारून घ्याव्यात.

## टप्पा ३: नावांची यादी करा, सुरुवात सरकारी रुग्णालयांपासून

‘सरकारी’ म्हटलं की लोक नाक मुरडतात. या विषयात ते महाग पडतं. मुंबईत ऑक्युपेशनल थेरपीचं पदवी शिक्षण देणारे जुने विभाग मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांतच आहेत: परळचं केईएम, शीवचं लोकमान्य टिळक म्हणजे सायन रुग्णालय, मुंबई सेंट्रलचं नायर. हाजी अलीला केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. कृत्रिम अवयव, व्हीलचेअर, स्प्लिंट असं काही एकत्र लागणार असेल तर तिथे जरूर जा. खाजगी दवाखाने चालवणारे बरेच थेरपिस्ट याच विभागांतून शिकून बाहेर पडलेले आहेत.

पद्धत अशी. सकाळी ओपीडीचा केसपेपर काढायचा आणि आधी संबंधित विभागात दाखवायचं: मूल असेल तर बालरोग, लकवा असेल तर मेडिसिन किंवा न्यूरॉलॉजी, हात असेल तर अस्थिरोग किंवा प्लास्टिक सर्जरी. तिथले डॉक्टर पेपरवर लिहून ओटी विभागाकडे पाठवतात. थेट ओटी विभागात गेलात तर बहुधा ‘आधी रेफर करून आणा’ म्हणून परत यावं लागतं आणि तोवर केसपेपरची खिडकी बंद झालेली असते. वाट विचारताना नुसतं ‘ओटी कुठे आहे’ म्हणू नका, ऑपरेशन थिएटरकडे पाठवतील. पाटीवर ‘व्यवसायोपचार विभाग’ असं लिहिलेलं असतं.

सार्वजनिक रुग्णालयाची अडचण गुणवत्तेत कमी आणि वेळेत जास्त आहे. गर्दी असते, पुढची तारीख लांबची मिळू शकते, शिकाऊ विद्यार्थी बदलत राहतात आणि रोज सकाळी डोंबिवलीहून परळला मूल आणणं नोकरी करणाऱ्या आईबापांना जमत नाही. म्हणून माझा सल्ला सरळ आहे: पहिलं सविस्तर मूल्यमापन आणि दर काही महिन्यांनी आढावा सार्वजनिक रुग्णालयात, आठवड्याचे सेशन घराजवळच्या खाजगी थेरपिस्टकडे. दोघांना एकमेकांचे कागद दाखवायचे. एवढ्याने खर्च आवरतो आणि कुणीतरी त्रयस्थ नजरेने प्रगती बघतं.

खाजगी नावं कुठून मिळवायची? उपचार करणाऱ्या डॉक्टरांना ‘कुणाकडे पाठवता?’ असं न विचारता ‘या कामासाठी कुणाकडे पाठवता?’ असं विचारा आणि निवडलेली तीन कामं दाखवा. शाळेतल्या स्पेशल एज्युकेटरना विचारा. इतर पालकांना विचारा, पण ‘चांगले आहेत का?’ असं नको. ‘पहिल्या तीन महिन्यांत काय बदललं?’ असं विचारा. चार-पाच नावं झाली की थांबा.

अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातली जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रंही आहेत. ठाणे, पालघर, रायगडकडच्यांनी आपल्या जिल्हा रुग्णालयात त्यांची चौकशी करावी.

## टप्पा ४: पात्रता तपासा

हा टप्पा लोक संकोचापायी सोडतात. ‘डॉक्टरांना सर्टिफिकेट कसं मागायचं?’ मागायचं. ज्यांच्याकडे आहे त्यांना त्याचं काहीच वाटत नाही, बहुतेकांनी ते भिंतीवर लावलेलंही असतं.

बघायच्या गोष्टी दोन. पहिली पदवी: महाराष्ट्रात ती बीओटीएच म्हणून ओळखली जाते, इतर राज्यांतून आलेल्यांची बीओटी असते. आज काम करणाऱ्या इथल्या बहुतेकांनी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम केलेला असतो, त्यात सहा महिन्यांची इंटर्नशिप धरलेली आहे. पदव्युत्तर असेल तर विषय विचारा, कारण त्यावरून शाखा कळते. दुसरी गोष्ट नोंदणी: ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपीची महाराष्ट्र राज्य परिषद आहे, तिचा नोंदणी क्रमांक मागा आणि नोंदणी चालू आहे का ते पाहा. शंका आली तर क्रमांक आणि नाव देऊन परिषदेकडे चौकशी करता येते.

इथल्या नेहमीच्या चुका अशा.

आरसीआयचा क्रमांक मागणं. आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषद. ती स्पेशल एज्युकेटर, स्पीच थेरपिस्ट, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांची नोंदणी करते. ओटी तिच्या कक्षेत येत नाही. त्यामुळे ‘आमच्याकडे आरसीआय आहे’ असं उत्तर मिळालं तर ती व्यक्ती बहुधा दुसऱ्या क्षेत्रातली आहे. ती तिच्या कामात उत्तम असेल, पण ती तुमची ऑक्युपेशनल थेरपिस्ट नव्हे.

संघटनेच्या सदस्यत्वाला परवाना समजणं. ऑल इंडिया ऑक्युपेशनल थेरपिस्ट्स असोसिएशन ही या क्षेत्रातली जुनी व्यावसायिक संघटना आहे. तिचं सदस्यत्व चांगलंच, पण राज्य परिषदेची नोंदणी ही वेगळी गोष्ट आहे.

छोट्या कोर्सच्या प्रमाणपत्रांवर भाळणं. ‘सेन्सरी इंटिग्रेशन (स्पर्श, आवाज, तोल अशा संवेदनांवर काम करण्याची पद्धत) सर्टिफाइड’ हे शब्द बोर्डावर मोठ्या अक्षरांत असतात. मूळ पदवी कुठली, हा कोर्स कुणी घेतला आणि किती दिवसांचा होता, हे तीन प्रश्न विचारा. मूळ पदवी ओटीची नसेल तर पुढचं प्रमाणपत्र ती उणीव भरून काढत नाही.

नावापुढचं ‘डॉ.’ पाहून निश्चिंत होणं. त्यावरून काहीच ठरवू नका.

अलाइड अँड हेल्थकेअर व्यवसायांसाठी २०२१मध्ये केंद्रीय कायदा झाला असून ऑक्युपेशनल थेरपी त्यात मोडते. त्यामुळे नोंदणीची व्यवस्था पुढे बदलत जाणार. कुठलाही क्रमांक दाखवला तरी तो कुणी दिलेला आहे, एवढं विचारायची सवय ठेवा.

इशारा: ऑटिझम किंवा सेरेब्रल पाल्सी ‘पूर्ण बरी करून देतो’ असं जिथे सांगितलं जाईल तिथून निघा. पदवी खरी असली तरी निघा.

## टप्पा ५: प्रवासाचं आणि पैशाचं गणित फोन करण्याआधी

थेरपीचा उपयोग सातत्यावर अवलंबून आहे आणि या शहरात सातत्य रेल्वेच्या मार्गावर अवलंबून आहे. बोरिवलीतल्या माणसाला अंधेरी जवळ आणि मुलुंड लांब, नकाशावर अंतर काहीही दिसो. मार्ग बदलावा लागणारी ठिकाणं यादीत खाली ढकला. मूल शाळेतून दमून आल्यावर पाऊण तासाचा प्रवास करून सेशनला पोहोचलं तर पहिली वीस मिनिटं त्याला शांत करण्यातच जातात. व्हीलचेअर असेल तर लिफ्ट आहे का, लिफ्टपर्यंत पायऱ्या किती आणि टॅक्सी दारापर्यंत येते का, हे आधी विचारून घ्या. ‘तळमजला’ म्हणून सांगितलेल्या जागेला चार पायऱ्या असतात.

पैशाचा हिशेब एका सेशनच्या दराने करू नका. महिन्याचा करा: सेशनची संख्या गुणिले फी, अधिक प्रवास, अधिक कुणाची अर्ध्या दिवसाची रजा. समजा फी १,००० रुपये आहे आणि आठवड्याला तीन सेशन सुचवले. फक्त फीचेच महिन्याला साधारण १२,००० झाले. हे सहा महिने झेपेल का? नसेल तर पहिल्याच भेटीत सांगा आणि आठवड्याला एक सेशन व घरचा पक्का कार्यक्रम मागा. तीन महिने दणक्यात करून चौथ्या महिन्यात बंद करण्यापेक्षा हे बरं.

आरोग्य विम्यात ओपीडीतली थेरपी बहुधा बसत नाही, तरी पॉलिसी वाचा. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची निरामय योजना आहे. तिचं वर्षाचं संरक्षण एक लाख रुपयांपर्यंत असून थेरपीचा खर्च ठरलेल्या मर्यादेत मिळतो. त्यासाठी मूळ पावत्या लागतात. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) सवलतींसाठी लागतं, थेरपी सुरू करण्यासाठी लागत नाही. ते येईपर्यंत थांबू नका.

## टप्पा ६: फोन

सुरुवात अशी करा: ‘नमस्कार, आमचा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे. शाळेचं लिखाण, बटणं आणि केस कापणं, या तीन गोष्टी अडल्या आहेत. आपल्याकडे अशा मुलांवर काम होतं का?’ मग उत्तर ऐका. चांगला थेरपिस्ट, किंवा नीट तयार केलेली स्वागतिका, लगेच उलट प्रश्न विचारते: शाळा कुठली, चाचण्या झाल्यात का, घरी कोण असतं. ‘हो हो, सगळं होतं, उद्या या’ हे उत्तर मिळालं की जरा सावध व्हा.

पुढचे प्रश्न वहीत लिहून ठेवा:

- मूल्यमापन कोण करणार आणि रोजचे सेशन कोण घेणार?
- मूल्यमापनाची फी वेगळी आहे का, लेखी अहवाल मिळतो का?
- सेशन किती मिनिटांचं, आणि पूर्ण वेळ एकास एक असतं का?
- आम्ही आत बसू शकतो का?
- मुलाशी मराठीत बोलणारं कुणी आहे का?
- सेशन चुकलं तर काय? पावसात गाड्या बंद पडल्या तर?
- पावतीवर थेरपिस्टचं नाव आणि नोंदणी क्रमांक असतो का?

पहिला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. शहरातल्या मोठ्या सेंटरांत बोर्डावरचं नाव मालकाचं असतं, मूल्यमापन तेच करतात आणि दुसऱ्या आठवड्यापासून मूल सहायकाच्या हाती जातं. सहायक असण्यात गैर काही नाही. तो कोण, त्याचं शिक्षण काय आणि त्याच्यावर देखरेख कोण किती वेळा करतं, हे आधी कळायला हवं. फी मात्र मालकाच्या नावाची आकारली जाते, हेही लक्षात असू द्या.

भाषेचा प्रश्न लोक विचारत नाहीत. घरी मराठी ऐकणाऱ्या चार वर्षांच्या मुलाला इंग्रजीत सूचना दिली आणि त्याने ती पाळली नाही, तर अहवालात ‘सूचना पाळत नाही’ असं उतरू शकतं. लकव्यानंतर ज्यांचं बोलणं गेलंय अशा आजोबांच्या बाबतीत तर हा मुद्दा आणखी मोठा होतो.

तपासा: फोन ठेवल्यावर लगेच उत्तरं लिहा. चार फोन झाल्यावर कुणी काय सांगितलं ते लक्षात राहत नाही.

## टप्पा ७: मूल्यमापन

पॅकेज नाही. आधी फक्त मूल्यमापन, त्याचेच पैसे. ‘आज पॅकेज घेतलं तर मूल्यमापन मोफत’ अशी सूट देणाऱ्याला निदान काय निघणार हे आधीच ठाऊक असतं.

सोबत न्या: वही, व्हिडिओ, आधीचे अहवाल, औषधांची यादी, शाळेची एक वही, चष्मा किंवा श्रवणयंत्र. मुलाचा बटणांचा शर्ट आणि जेवणाचा डबा पिशवीत टाका. मुलाला झोपेच्या वेळेला नेऊ नका आणि मोठ्यांना डायलिसिस किंवा केमोच्या दुसऱ्या दिवशी नेऊ नका. थकलेल्या माणसाची चाचणी थकव्याचीच होते.

नीट केलेल्या मूल्यमापनात तीन गोष्टी दिसतात. तुमच्याशी दिवसभराच्या क्रमाबद्दल सविस्तर बोलणं होतं. खरं काम करायला लावून पाहिलं जातं: बटण लावून दाखव, पेला भरून दाखवा. आणि गरजेप्रमाणे प्रमाणित साधन वापरलं जातं, जसं मुलांसाठी सेन्सरी प्रोफाइल (संवेदनांना मूल कसा प्रतिसाद देतं याची प्रश्नावली) किंवा बीओटी-२ (हालचालींच्या कौशल्याची चाचणी, वरची पदवी नव्हे), मोठ्यांच्या रोजच्या कामांसाठी बार्थेल इंडेक्स, पकडीची ताकद मोजायला डायनॅमोमीटर. दहा मिनिटं मुलाकडे पाहून ‘सेन्सरी इश्यूज आहेत’ म्हणणं म्हणजे मूल्यमापन नव्हे. रंगीत बॉल पूल आणि छताला टांगलेले झोपाळे पाहूनही खूश होऊ नका. साधनं उपयोगी असतात, पण कुठल्या मुलाला कोणतं, किती वेळ आणि का, हे ठरवणारं डोकं बघायचं.

शेवटी अहवालात उद्दिष्टं मागा. ‘फाइन मोटर (बोटांच्या बारीक हालचाली) सुधारणे’ हे उद्दिष्ट होत नाही. ‘बारा आठवड्यांत शाळेच्या शर्टाची गळ्याजवळची दोन सोडून बाकी बटणं स्वतः लावणे, पाच दिवसांपैकी चार दिवस’ हे होतं. तुमच्या तीन कामांपैकी किमान दोन त्यात असली पाहिजेत. नसतील तर का नाहीत, ते विचारा. कधी कधी उत्तर पटण्यासारखं असतं: बसण्याचा तोलच नसेल तर लिखाण आधी येत नाही.

वृद्धांच्या बाबतीत शक्य असेल तर हे मूल्यमापन घरीच करून घ्या. मोरीचा उंबरठा, संडासाच्या दाराची रुंदी, कमोडची उंची, पलंग आणि कपाटामधली जागा, हे दवाखान्यात बसून कळत नाही. टॉवेलची दांडी आधार म्हणून धरणं, हा मुंबईच्या बाथरूममधला नेहमीचा धोका. ती माणसाचं वजन पेलायला लावलेली नसते. आधाराचा बार भिंतीत पक्का बसवावा लागतो आणि तो नेमका कुठे, हे माणसाला बसता-उठताना पाहूनच ठरतं.

## टप्पा ८: पहिले आठ सेशन

पहिल्या महिन्याचेच पैसे भरा. प्रत्येक सेशनच्या शेवटी पाच मिनिटं थेरपिस्टने तुमच्याशी बोलायला हवं: आज काय केलं, घरी काय करायचं. घरचा कार्यक्रम छोटा हवा. पंधरा व्यायामांची छापील यादी दोन दिवसांत फ्रीजवर लटकते ती तिथेच राहते. रोज शाळेच्या आधी दोन बटणं, एवढंच सांगणारा थेरपिस्ट मला जास्त भरवशाचा वाटतो.

पालकांना कायम दाराबाहेर ठेवणारं ठिकाण टाळा. काही मुलं आईसमोर काम करत नाहीत, हे खरं. पण मग काचेतून किंवा कॅमेऱ्यातून बघता आलं पाहिजे. आणि तुमच्या मुलाचे व्हिडिओ सेंटरच्या जाहिरातीत वापरायचे की नाही हे तुम्ही ठरवायचं. प्रवेशाच्या फॉर्ममध्ये तशी ओळ असते, सही करण्याआधी वाचा आणि नको असेल तर खोडा.

मूल पहिल्या दोन-तीन सेशनला रडलं तर घाबरू नका. प्रत्येक सेशनला रडतं, घरी आल्यावर अंग चोरतं, तिथलं नाव काढलं की लपतं, तर थांबून विचारायलाच हवं.

स्प्लिंट मिळाला असेल तर: तो उन्हात, बंद गाडीत किंवा गरम पाण्याजवळ ठेवू नका. थर्मोप्लास्टिक उष्णतेने मऊ होऊन आकार बदलतं. त्वचा लाल होऊन तो लालपणा अर्ध्या तासात गेला नाही, बोटं बधिर झाली किंवा निळसर पडली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी फोन करा.

## टप्पा ९: बारा आठवड्यांनी

वही आणि अहवाल शेजारी ठेवा. ठरवलेल्या कामांपैकी एखादं तरी पुढे सरकलं का, घरात, सेंटरच्या बाहेर? सेंटरमध्ये बटणं लागतात आणि घरी लागत नाहीत, तर तेही थेरपिस्टला सांगा. तो उद्दिष्ट बदलण्याचा मुद्दा आहे. काहीच सरकलं नसेल तर आधी स्वतःकडे पाहा: किती सेशन चुकले, घरचा सराव झाला का. तो झाला असूनही सरकलं नसेल आणि थेरपिस्टकडे ‘अजून सेशन वाढवा’ याखेरीज उत्तर नसेल, तर सार्वजनिक रुग्णालयातल्या विभागात दुसरं मत घ्या.

बदलायचं ठरलं तर भांडून निघू नका. लेखी सारांश मागा: सुरुवातीची स्थिती, काय केलं, आज कुठे आहे. मूळ चाचण्यांच्या प्रतीही घ्या. त्या नसतील तर नवा थेरपिस्ट पुन्हा पहिल्यापासून मूल्यमापन करतो, पैसेही पुन्हा जातात. मात्र दर दोन महिन्यांनी ठिकाण बदलणाऱ्यांना कुठेच काही मिळत नाही, हेही तितकंच खरं.

कोकणातून किंवा घाटावरून उपचारासाठी मुंबईत आलेल्यांनी परतण्याआधी घरचा कार्यक्रम प्रत्यक्ष करून दाखवून घ्यावा, स्वतः करताना व्हिडिओ काढावा आणि व्हिडिओ कॉलवरच्या आढाव्याची तारीख घेऊनच निघावं. पालकांना शिकवणं, घरातली मांडणी पाहणं व्हिडिओ कॉलवर होऊ शकतं. स्प्लिंट बनवणं किंवा बदलणं होत नाही, त्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी कोण आहे ते इथल्याच थेरपिस्टला विचारून नाव आणि पत्र घ्या.

उद्दिष्टं पूर्ण झाली की थेरपी बंद करायची असते. ‘चालू राहू दे, बरं असतं’ म्हणून वर्षानुवर्षं पैसे भरणारी घरं बरीच आहेत. बंद करताना शेवटचा अहवाल घ्या आणि कुठली खूण दिसली तर परत यायचं ते लिहून मागा: मुलाच्या बाबतीत नवी शाळा किंवा पाचवीतलं वाढलेलं लिखाण, मोठ्यांच्या बाबतीत पडणं, घर बदलणं किंवा सांभाळणारी व्यक्ती बदलणं.